गल्ला पुढे, गोदाम मागे

कृषी पदवी घेऊन मी मामांच्या कृषी केंद्रात बसू लागले, तेव्हा घरातल्या बहुतेकांची समजूत अशी होती की मी काउंटरवर उभी राहून शेतकऱ्यांना औषधाची मात्रा सांगेन आणि फावल्या वेळात बिले फाडीन. मामांनी मात्र सुरुवातीलाच मला गल्ल्यापासून उठवले आणि मागच्या गोदामाच्या किल्ल्या हातात दिल्या. ज्याला थप्पी कळत नाही त्याने विक्रीला बसू नये, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा ते मला थोडे अन्यायाचे वाटले होते. आता खरीप आणि रब्बी असा पूर्ण फेरा त्याच गोदामात पाहून झाल्यावर मी त्यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. आमच्या धंद्यात जून-जुलैमध्ये दुकानापुढे जी गर्दी दिसते, तिचा निकाल एप्रिल-मे मध्येच लागलेला असतो. किती माल उचलायचा, तो कुठे रचायचा आणि कोणता माल मुळीच घ्यायचा नाही, हे त्या दोन महिन्यांत ठरते. त्यातही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, आणि ती कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत.

आमचे दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. कपाशी, सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिके आहेत. पाण्याची सोय असलेल्यांकडे रब्बीत हरभरा आणि थोडा गहू असतो. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांची किरकोळ विक्री आम्ही करतोच; शिवाय आसपासच्या खेड्यांतल्या लहान दुकानदारांना होलसेलमध्येही माल देतो. माणसे मोजकीच आहेत. मामा खरेदी आणि उधारी पाहतात, दिवाणजी काका रोजमेळ आणि खतावणी सांभाळतात, काउंटरवर एक मुलगा असतो, आणि ट्रक आला की मुकादम आपले हमाल घेऊन येतो. या रचनेत गोदाम सांभाळणारे असे वेगळे कोणी नव्हतेच. माल मागे ठेवला जाई आणि लागेल तसा पुढे आणला जाई, आणि बहुतेक लहान दुकानांत आजही असेच चालते.

आधी परवान्यांविषयी सांगते, कारण बाहेरच्या माणसाला हा धंदा किराण्यासारखा वाटतो. बियाण्यांना १९६६ चा कायदा आणि १९८३ चा नियंत्रण आदेश लागू आहे, खतांना १९८५ चा खत नियंत्रण आदेश आणि कीटकनाशकांना १९६८ चा कायदा. त्यामुळे परवानेही तीन वेगळे असतात. एवढ्यावर भागत नाही. ज्या कंपनीचे औषध विकायचे, त्या कंपनीचे प्रिन्सिपल सर्टिफिकेट, म्हणजे आपला माल विकण्यासाठी तिने दिलेला दाखला, परवान्यावर चढवून घ्यावे लागते, त्याला आमच्याकडे ‘पीसी ॲड करणे’ म्हणतात. खतासाठी ‘ओ फॉर्म’, म्हणजे माल कोणाकडून येतो याचा दाखला, लागतो. कपाटात बाटली आहे, बिलही पक्के आहे, पण पीसी चढलेली नाही, तर ती बाटली विकणे हा गुन्हा ठरतो. गोदामाचेही तसेच आहे. ज्या गोदामाचा पत्ता परवान्यावर नोंदलेला नाही, तिथे माल उतरवता येत नाही. ऐन हंगामात ट्रक दारात उभा राहिला आणि जागा कमी पडली म्हणून शेजाऱ्याच्या टिनाच्या शेडमध्ये बॅगा टाकून द्याव्यात, अशी सोय नाही. म्हणजे गोदामाची लांबी-रुंदी हीच आमच्या विक्रीची पहिली मर्यादा आहे, हे मला टेप घेऊन जागा मोजायला लागल्यावर कळले.

विक्रेत्याच्या शिक्षणाची अट आता आली आहे. मामा जुन्या पिढीतले, म्हणून त्यांनी हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने आखलेली ‘देसी’ पदविका पूर्ण केली. वर्षभर आठवड्यातून एक दिवस वर्ग भरतो, ४० दिवस वर्गात आणि ८ दिवस शेतावर. पन्नाशी ओलांडलेला माणूस वही घेऊन वर्गात बसतो हे पाहून मामी हसायच्या, पण त्या पदविकेनंतर मामांनी दोन-तीन जुनी ‘जुगाड’ मिश्रणे शेतकऱ्यांना सांगणे बंद केले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

आता खरेदीचे. कपाशीच्या बियाण्यापासून सुरुवात करते, कारण आमच्या वर्षाचा नफा-तोटा तिथेच वळण घेतो. बीजी-२ कपाशीचे, म्हणजे बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी वाणांचे, पाकीट ४७५ ग्रॅमचे असते आणि त्यातच आश्रय पिकाचे, म्हणजे अळीसाठी सोडायच्या झाडांचे, बिगर-बीटी बियाणे मिसळलेले असते. पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी यायची आणि ती पुष्कळदा बांधावर फेकली जायची. किंमत केंद्र सरकार ठरवते. २०२४ मध्ये ती ८६४ रुपये होती, २०२५ साठी ९०१ रुपये झाली. सगळ्यांच्याच दुकानात भावाची वरची रेघ एक असल्यामुळे स्पर्धा भावात फारशी उरत नाही. ज्याच्याकडे हवे ते वाण पहिल्या पावसाच्या दिवशी हजर असेल, त्याच्याकडे माणूस जातो. एकरी साधारण दोन पाकिटे लागतात. त्यावरून गणित सोपे दिसते. पाचशे एकर कपाशीच्या गावाला हजार पाकिटे लागतील, त्यातली आपल्याकडून किती जातील ते मांडायचे आणि तेवढी मागवायची. प्रत्यक्षात हजार पाकिटांचा आकडा पक्का असतो आणि त्यातली कोणत्या वाणाची किती, हे कोणालाच ठाऊक नसते.

मामा हा अंदाज कसा बांधतात, हे पाहण्यासारखे आहे. कंपनीचा प्रतिनिधी रंगीत पत्रके घेऊन फेब्रुवारीपासून फेऱ्या मारतो, पण मामा त्याच्याशी बोलण्याआधी वेचणीच्या दिवसांत मोटारसायकलने गावोगाव फिरून आलेले असतात. कोणाच्या वावरात कोणते वाण आहे, बोंड केवढे आहे, वेचणाऱ्या बायांना कापूस सहज निघतो की बोटे सोलतात, हे ते बांधावर उभे राहून विचारतात. वेचणी किलोवर असते, त्यामुळे ज्या वाणाचा कापूस पटकन निघतो त्याच्याकडे मजूर आधी वळतात, आणि मजूर मिळतो म्हणून शेतकरी पुढच्या वर्षी तेच वाण मागतो. ही साखळी कुठल्याच पत्रकात नसते. मामांच्या खिशातल्या वहीत गावाच्या नावाखाली वाणांची नावे आणि पुढे ‘वाढेल’, ‘उतरेल’, ‘गेले’ असे तीनच शेरे असतात. मी त्या वहीवरून संगणकात तक्ता केला. तक्ता नेटका झाला, पण शेरे भरायला मामाच लागतात.

इथे दोन शब्द रोज ऐकू येतात, ‘प्लेसमेंट’ आणि ‘लिक्विडेशन’. कंपनीच्या दृष्टीने माल विक्रेत्याच्या गोदामात पडला की प्लेसमेंट झाली, आणि प्रतिनिधीचे टार्गेट बहुधा तिथेच पूर्ण होते. शेतकऱ्याच्या घरी गेला की लिक्विडेशन होते, आणि आमचा पैसा तेव्हा सुटतो. या दोहोंच्या मधले अंतर आमच्या गोदामात, आमच्या भांडवलावर आणि आमच्या जोखमीवर पडून असते. अमुक पाकिटे उचला म्हणजे अमुक सूट, आणखी उचला म्हणजे सहल, अशा योजना त्या अंतराकडे दुर्लक्ष करण्यासाठीच आखलेल्या असतात, असे माझे मत झाले आहे. हंगाम संपल्यावर न विकलेले कपाशीचे बियाणे बहुतेक कंपन्या परत घेतात हे खरे, पण परतीचे भाडे, फुटलेली पाकिटे आणि परतीची रक्कम खात्यात जमा दाखवणारी, सावकाश येणारी क्रेडिट नोट हे धरले तर मिळालेल्या सवलतीतला बराचसा भाग तिथेच जिरतो. सहलीचा फोटो मात्र दुकानात लागतो.

शिवाय विक्रीची तारीखही आमच्या हातात नसते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे जे नुकसान केले, त्यानंतर हंगामपूर्व लागवड रोखण्यासाठी बियाणे कंपनीकडून वितरकाकडे, तिथून दुकानात आणि दुकानातून शेतकऱ्याकडे कधी जावे, हे कृषी विभाग ठरवून देऊ लागला. त्यामागचे कारण योग्य आहे. मे महिन्यात ओलितावर लावलेल्या कपाशीने अळीला लवकर घर मिळते. परंतु याचा अर्थ असा की माल गोदामात आहे, शेतकरी दारात आहे आणि बिल फाडता येत नाही, असे काही दिवस येतात. त्या दिवसांत शेतकरी येऊन सांगून जातात, “माह्या चार थैल्या बाजूले ठेवजा बरं, पानी पडलं का मी येतोच.” मामा मान डोलावतात आणि दिवाणजी काका नाव लिहून घेतात. ज्या वाणाची थप्पी साठ पाकिटांची आहे आणि वहीत नावे ऐंशी पाकिटांची झाली आहेत, तिथे पाऊस पडल्यावर काय होते ते सांगायला नको. आता नाव लिहिण्याआधी मला विचारायचे, मी शिल्लक पाहून होकार द्यायचा आणि तेवढी पाकिटे त्याच दिवशी वेगळ्या फळीवर चिठ्ठी लावून ठेवायची, अशी पद्धत आम्ही सुरू केली. शब्द देणारा आणि माल मोजणारा यांच्यात रोज बोलणे व्हावे, एवढाच त्यात बदल आहे, पण त्याने जूनमधली निम्मी भांडणे थांबली.

आता गोदामाच्या आत येऊ. आमच्याकडे दोन भाग आहेत, एक स्लॅबचा आणि एक टिनाचा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसापर्यंत जातो, आणि दुपारी तीन वाजता टिनाच्या भागात उभे राहिले तर डोक्यावरून झळ उतरते. खताला त्याचे फारसे वावडे नाही, बियाण्याला आहे. म्हणून बियाणे स्लॅबखाली आणि खत टिनाखाली ही वाटणी पक्की आहे. पावसाळ्यात अडचण उलट होते, कारण युरिया हवेतली ओल ओढून घेतो. त्याच्या बॅगा जमिनीला किंवा भिंतीला टेकल्या तर खालच्या थरात गठ्ठे होतात, आणि गठ्ठे झालेली बॅग शेतकरी हाताने दाबून पाहून परत करतो. लाकडी फळ्यांवर थप्पी लावायची, भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडायची, दोन थप्प्यांमध्ये माणूस आडवा जाऊ शकेल एवढी वाट ठेवायची, हे नियम जुने आहेत. ती वाट मालाने भरून टाकण्याचा मोह हंगामात होतोच, आणि एकदा वाट बुजली की मागची थप्पी जुनी आणि पुढची नवी होऊन बसते. मग जुना माल मागेच राहतो.

सोयाबीनच्या बियाण्याची बात आणखी वेगळी. सोयाबीनच्या दाण्याचे साल फार पातळ असते आणि अंकुर सालाच्या लगेच खाली असतो. बॅग उंचावरून आपटली की दाणा वरून शाबूत दिसतो, पण आतून निकामी होतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते, म्हणजे मुळातच फरकाला जागा थोडी आहे. ट्रक उतरताना मी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिले तेव्हा वरचा हमाल बॅग सोडत होता आणि खालचा पाठ पुढे करत होता; दर चार-पाच बॅगांमागे एखादी पाठीवरून सटकून खाली येत होती. मी काही बोलायच्या आत मुकादमच ओरडला, “सोयाबीन हाय रे, फेकू नोको! उगवलं नाई तं लोकं ताईच्या दारात येऊन बसतीन.” हमाली बॅगेच्या हिशेबाने मिळते, तासांच्या नाही, त्यामुळे घाई करणे हे हमालांच्या दृष्टीने बरोबरच आहे. म्हणून मामांनी सोयाबीन बियाण्याची हमाली खतापेक्षा बॅगेमागे थोडी वाढवली आणि थप्पी सात थरांच्या वर न्यायची नाही असे ठरवले. जागा जास्त लागते, हमाली जास्त लागते, आणि हा खर्च कोणत्याही बिलात वेगळा दाखवता येत नाही. उगवण कमी आल्याची तक्रार मात्र एका गावातून आली की चार गावांत जाते.

प्रत्येक बियाण्याच्या बॅगेवर लॉट नंबर असतो, औषधाच्या पेटीवर बॅच नंबर. बिलावर तो लिहावा लागतो. गुणनियंत्रण निरीक्षक येतात, एखाद्या लॉटचा नमुना काढतात आणि तो प्रयोगशाळेत जातो. खताची प्रयोगशाळा अमरावतीला आहे, बियाण्याची नागपूरला. अहवाल वाईट आला की विचारणा होते ती त्याच लॉटची. कोणत्या शेतकऱ्याला त्या लॉटमधली बॅग गेली, हे बिलावरून सांगता आले तर त्याची पाहणी होऊ शकते आणि आमचीही बाजू मांडता येते. त्यासाठी गोदामात दोन लॉट एकाच थप्पीत मिसळू देता कामा नयेत. मिसळले की काउंटरवरचा मुलगा समोर येईल त्या बॅगेचा नंबर न पाहता आधीच्या बिलावरचा नंबर उतरवतो. लॉटनिहाय थप्पी आणि थप्पीवर मोठ्या अक्षरांत लावलेला पुठ्ठा, एवढ्या साध्या उपायाने हे होते. संगणक त्यानंतर कामाला येतो.

खताचा व्यवहार पूर्णपणे निराळा आहे, आणि इथे मला सर्वाधिक वेळ लागला. खत रेल्वेने येते. धामणगावच्या स्टेशनात रॅक, म्हणजे खताची मालगाडी, लागली की बातमी तासाभरात सगळ्या तालुक्यांत पसरते. एका रॅकमध्ये अडीच हजार टनांच्या आसपास माल असतो आणि तो कोणत्या वितरकाला किती, याचे वाटप झालेले असते. आमच्याकडे सोळा टनांचा ट्रक आला तर युरियाच्या सुमारे ३५५ बॅगा उतरतात, कारण युरियाची बॅग आता पन्नास नव्हे, ४५ किलोची आहे. तिची किंमत २६६ रुपये ५० पैसे, तीही सरकारने ठरवलेली. विक्रेत्यांसाठी टनामागे ३५४ रुपये मार्जिन आहे; बॅगेवर भागले तर सोळा रुपयांच्या आत येते, आणि त्यात होलसेलवाला आणि किरकोळ दुकानदार दोघांनी भागवायचे असते. ट्रकमधून उतरवणे, थप्पी लावणे, पुन्हा पिकअपमध्ये चढवणे ही हमाली त्यातूनच जाते. खेड्यातल्या दुकानदाराच्या दारापर्यंत बॅग पोहोचवली तर हाती जे उरते ते सांगायला मामांना लाज वाटते. तरीही युरिया नसेल तर गिऱ्हाईक बियाणे-औषधासाठीही दुसरीकडे जाते, म्हणून तो ठेवावाच लागतो.

या अडचणीचाच फायदा घेऊन ‘लिंकिंग’ चालते. युरिया किंवा डीएपी (नत्र आणि स्फुरदाचे खत) हवे असेल तर सोबत अमुक पेट्या सूक्ष्म अन्नद्रव्य, अमुक बाटल्या आणखी कशाच्या तरी उचला, असे तोंडी सांगितले जाते. कागदावर काहीही नसते. बिले वेगवेगळी येतात. हे नियमबाह्य आहे आणि कृषी विभाग दर हंगामात तसे बजावतो. आमच्याकडेही एका पुरवठादाराकडून असा माल आला होता आणि तो पुढे शेतकऱ्याच्या गळ्यात मारायचा नाही, असे मामांनी ठरवले. परिणामी तो गोदामाच्या एका कोपऱ्यात मुदत संपेपर्यंत राहिला. त्या कोपऱ्याची किंमत मी एकदा काढली. पेट्यांनी अडवलेल्या जागेत ऐन हंगामात सोयाबीनच्या पन्नासेक बॅगा राहिल्या असत्या. लिंकिंगचे नुकसान रुपयांत सांगितले जाते, पण लहान गोदामात ते आधी जागेत भरावे लागते.

अनुदानित खताची विक्री पॉस मशीनवर होते. शेतकरी आधार क्रमांक देतो, अंगठा लावतो, मशीनमधून पावती निघते, आणि त्या नोंदीवर कंपनीला सरकारकडून अनुदान मिळते. त्यामुळे आमच्याकडे खताचे दोन साठे असतात: एक गोदामातला, हाताने मोजता येणारा, आणि दुसरा मशीनमधला. दोन्ही रोज जुळले पाहिजेत. न जुळण्याची कारणे मात्र रोज घडतात. ट्रक संध्याकाळी उतरला पण कंपनीने मशीनवर माल पाठवल्याची नोंद दुसऱ्या दिवशी आली. होलसेलच्या आयडीवरून किरकोळच्या आयडीवर माल वळता करायचा राहिला. सर्व्हर बंद असताना खेड्यातला दुकानदार वीस बॅगा घेऊन गेला. कपाशी वेचून, निंदण करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशा म्हाताऱ्या माणसांचे अंगठे लागत नाहीत. मग आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवायचा, आणि तो मोबाइल पुण्याला कामाला गेलेल्या मुलाजवळ असतो. रांगेतला प्रत्येक जण तेवढा वेळ थांबतो. तपासणीत मशीनमध्ये दीडशे बॅगा आणि गोदामात शंभर निघाल्या, तर पन्नास बॅगा कुठे गेल्या याचे उत्तर द्यावे लागते, आणि परवाना निलंबित होऊ शकतो. दुकानाबाहेर साठा आणि भाव यांचा फलक लावणे सक्तीचे आहे. म्हणून आम्ही सकाळी फलक लिहिण्याआधी थप्पी मोजतो. थप्पी नीट असेल तर मोजायला पाच मिनिटे पुरतात. लांबीत इतक्या, रुंदीत इतक्या, थर इतके, वरच्या सुट्या. थप्पी वेडीवाकडी असेल तर सकाळ जाते.

कीटकनाशकांविषयी थोडक्यात लिहिते. ती कुलूपबंद खोलीत, बियाण्यापासून दूर असतात. तणनाशकांचा कप्पा त्यातही वेगळा, विशेषतः २,४-डी, कारण कपाशी त्याला फारच हळवी आहे. त्याच्या मापाने दुसरे औषध मोजले तरी पुढे वावरात पाने पंजासारखी होतात. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, त्या वर्षापासून मामांनी लाल त्रिकोणाची औषधे मागवणे अगदी कमी केले. विक्री घटली, हे ते लपवत नाहीत. औषधांची मुदत बहुधा दोन वर्षांची असते, त्यामुळे इथे नियम ‘आधी आलेले आधी विका’ असा नसून ‘आधी संपणारे आधी विका’ असा आहे. नंतर आलेल्या पेटीची मुदत आधीच्या पेटीपेक्षा लवकर संपणारी असू शकते, हे पेटी उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. दर महिन्याच्या शेवटी सहा महिन्यांत मुदत संपणाऱ्या मालाची यादी मी मामांना देते. कंपनीला परतीसाठी कळवायला तेवढा अवधी लागतो.

कराचा भाग दिवाणजी काका सांभाळतात. बियाण्यावर जीएसटी नाही, खतावर ५ टक्के आणि कीटकनाशकांवर १८ टक्के. राज्यातल्या राज्यात एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागते. बिल्टी (ट्रकवाल्याची मालपावती), बिल आणि ई-वे बिल यांवरचे आकडे जुळवल्याशिवाय ट्रकची ताडपत्री सोडायची नाही, एवढे मी त्यांच्याकडून घेतले आहे. बाकी त्यांचे त्यांना ठाऊक.

उरली उधारी. कपाशी निघून पैसे हातात यायला दिवाळी उलटते, आणि बियाणे-खत जूनमध्ये लागते, त्यामुळे उधारीशिवाय इथे दुकान चालत नाही. कंपनी मात्र आगाऊ रक्कम भरणाऱ्याला सूट देते आणि उशीर करणाऱ्याला व्याज लावते. या दोन टोकांच्या मध्ये दुकानदाराचे भांडवल ताणले जाते. मी येण्याआधी उधारीची मर्यादा मामांच्या मनात असे. एकाच गावातल्या दुकानदाराकडे मागचे पैसे थकलेले असताना पुढचा माल पिकअपमध्ये चढलेलाही असे, कारण गाडी भरणाऱ्याला खतावणी दिसत नाही. आता गाडी भरण्याची चिठ्ठी दिवाणजी काकांकडून येते आणि तिच्यावर त्या दुकानदाराची बाकी लिहिलेली असते. बाकी ठरावीक रकमेवर गेली तर चिठ्ठी निघत नाही. मामांना ती काढायची असेल तर त्यांनी सही करायची. मामा सही करतातच, पुष्कळदा करतात, कारण समोरचा माणूस वीस वर्षांच्या संबंधातला असतो आणि त्याच्याही गावात पाऊस पडलेला असतो. पण निदान सही करताना आकडा डोळ्यांसमोर असतो. गाडीत माल भरण्याचा क्रमही याच चिठ्ठीवर येतो. शेवटच्या गावाचा माल आधी, सगळ्यांत आत. पहिल्या गावाचा माल शेवटी, फाळक्याजवळ. पावसाच्या दिवसांत पांदण रस्त्यावर अर्धी गाडी उपसून खालच्या बॅगा काढायला लागू नयेत म्हणून हे करावे लागते.

मामांशी माझा एका बाबतीत अजूनही मतभेद आहे. कपाशीच्या वाणांची संख्या निम्मी करावी, असे मी म्हणते. दहा वाणांच्या दहा अर्धवट थप्प्या ठेवण्यापेक्षा पाच वाणांचा पुरेसा माल ठेवला तर जागा, मोजणी आणि परतीचा माल या सगळ्यांतच फरक पडेल. मामांचे म्हणणे असे की शेतकरी वाणाचे नाव घेऊन येतो, आणि ते नाव नसले तर दुसरे वाण न घेता तो सरळ दुसऱ्या दुकानात जातो. जाताना खत-औषधाचा व्यवहारही घेऊन जातो. मी मागच्या खरिपाची बिले काढून पाहिली. सहा वाणांमध्ये बहुतांश विक्री झाली आहे, आणि उरलेल्या चारांतली बरीच पाकिटे परत गेली आहेत. मामांनी तक्ता पाहिला, चारांतल्या एका वाणावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हे वाण अमक्या गावचेच लोक नेतात, पण खत आपलं सगळ्यांत जास्त तेच नेतात.” बिले पुन्हा चाळली तेव्हा ते खरे निघाले. तीन वाणे कमी करायचे ठरले आहे.

सध्या खरिपाचा परतीचा माल बांधून ठेवला आहे आणि कंपनीची गाडी यायची आहे. ती जागा रिकामी झाल्याशिवाय हरभऱ्याच्या बियाण्याचा ट्रक मागवता येत नाही, म्हणून मामा रोज प्रतिनिधीला फोन लावतात आणि तो रोज उद्याचा वायदा करतो. हरभऱ्याचा अंदाज यंदा परतीच्या पावसावर आहे. जमिनीत ओल राहिली तर सोयाबीन निघालेल्या कोरडवाहू वावरातही लोक हरभरा टाकतील आणि मागणी वाढेल, नाहीतर ओलितवाल्यांपुरतीच राहील. मी दोन्ही आकडे मांडून ठेवले आहेत. मामांनी त्यांतल्या लहान आकड्याची ऑर्डर लिहायला सांगितली आहे आणि वरच्या फरकासाठी जिल्ह्याच्या एका वितरकाशी तोंडी बोलून ठेवले आहे.